टाकीतला आहेर

नवी वस्तू पहिल्यांदा बघायला येणारा माणूस डोंगरातल्या नारिन गावात रिकाम्या हाताने येत नाही. सून असो, तान्हं मूल असो, शिवणयंत्र असो. तोंड बघायचं तर हातावर काहीतरी ठेवायचं आणि ठेवताना चार शब्द चांगले बोलायचे. या आहेराला कोरुमदुक म्हणतात. ओस्मोनकुलला हे ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. एकावन्न वर्षं तो याच गावात राहत होता आणि त्यांतली सव्वीस शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होता. त्यामुळे नोव्हेंबरातल्या त्या रविवारी त्याच्या दारात पांढरा ट्रक येऊन उभा राहिला, तेव्हा कोण काय आणील याचा त्याने अंदाज बांधला होता. रुमाल येतील, खडीसाखर येईल, कुणी शंभर सोमची नोट आरशाला खोचून ठेवील. डिझेल येईल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ते आलं. आणि पुढच्या पाच दिवसांत ओस्मोनकुल जितका संतापला, तितका तो सव्वीस वर्षांत सगळे वर्ग मिळूनसुद्धा संतापला नव्हता.

ट्रक नवा म्हणजे नारिनला नवा. तीन वर्षं युरोपात चालून आलेला, मागे बंद पेटीसारखा, आणि पुढे एवढे दिवे नि बटणं की पहिल्या दिवशी ओस्मोनकुलने त्यांतलं काच पुसायचं कुठलं हे शोधता शोधता भोंगा वाजवून शेजारच्या मेंढ्या पळवल्या. पण त्याचं खरं प्रेम होतं इंजिनावर. गाडीच्या आधी टपालाने आलेलं तिचं पुस्तक परभाषेत होतं. ते त्याने शब्दकोश घेऊन अकरा दिवस वाचलं होतं, आणि त्यातलं इंधनाचं प्रकरण तर धडा पाठ करावा तसं पाठ केलं होतं. एक किलो डिझेलमध्ये गंधक दहा मिलिग्रॅमच्या वर चालणार नाही. थंडीत न गोठणारं, हिवाळी डिझेलच हवं. रॉकेल मिसळायचं नाही. "जुनी इंजिनं म्हणजे याक," तो ऐकणाऱ्याला सांगे, "दिसेल ते चरायची. हे इंजिन तसं नाही." ऐकणारा मान डोलवी. सव्वीस वर्षांत ओस्मोनकुल एक गोष्ट शिकला नव्हता, ती म्हणजे मान डोलवणाऱ्याला कळलेलं असतंच असं नाही.

ट्रकचं पहिलं काम ठरलेलं होतं. त्याची बायको बुरमाकान आणि तिच्या दहा मैत्रिणींनी वर्षभर खपून बावीस शिरदाक केले होते. शिरदाक म्हणजे लोकरीचे जाड, रंगीत जाजम. लोकर धुवायची, पिंजायची, लाटून लाटून घट्ट करायची, रंगवायची, कापायची आणि मग हाताला भोकं पडेपर्यंत शिवायचं. हे बावीस शिरदाक शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत बिश्केकच्या कोठारात पोहोचायला हवे होते. पाचला परदेशी जाणारा माल बंद होणार. त्यानंतर थेट पुढचा उन्हाळा. आजवर हे काम बुरमाकानचा धाकटा भाऊ कुबात त्याच्या जुनाट ट्रकमधून करी. त्या ट्रकमधून गेलेल्या शिरदाकांना रॉकेलचा वास येई, आणि एकदा तर एक कोपरा जळून आला होता. म्हणून यंदा अकरा बायकांनी ओस्मोनकुलवर भरवसा टाकला होता. त्याने तो आपण होऊन मागून घेतला होता, हेही इथेच सांगून टाकलेलं बरं.

तर रविवारी दुपारी पहिले आले ते सादिरबाय अक्साकाल. वय एक्याऐंशी, चाळीस वर्षं डोलोनच्या खिंडीतून मालगाडी हाकलेली, आळीतले सर्वांत वडील, म्हणूनच अक्साकाल. हातात वीस लिटरचा पत्र्याचा डबा. डब्याच्या वजनाने ते एका अंगाला कलले होते.

"हिच्या टाकीचं तोंड कुठे आहे रे?" त्यांनी विचारलं.

ओस्मोनकुल टाकीच्या आड उभा राहिला. "अक्साकाल, आधी आत चला, चहा घ्या. त्याचं असं आहे, हे इंजिन नवं आहे. याला गंधक..."

"नवं आहे म्हणून तर आलो. जुन्याला बघायला कोण येतं?"

आळी हसली. अक्साकालांनी डबा खाली ठेवून दोन्ही तळवे चेहऱ्यासमोर धरले, गाडीला आशीर्वाद दिला, सगळ्यांनी "ओमीन" म्हणून तोंडावरून हात फिरवले. आता आशीर्वाद देऊन झाल्यावर आहेर परत कसा करणार? ओस्मोनकुलने स्वतःच्या हाताने टाकीचं झाकण उघडलं. त्या उघडण्याचा आवाज पुढे पाच दिवस त्याच्या कानात राहिला.

अक्साकालांनी जे आणलं तेच मग सगळ्यांनी आणलं. सर्वांत वडील माणसाने डिझेल दिल्यावर खडीसाखर घेऊन कोण येईल? शाळेचा भट्टीवाला कालमुर्झा भट्टीचं काळं तेल घेऊन आला. "चोरलेलं नाही, उरलेलं आहे," असं त्याने कुणी न विचारता सांगितलं. चर्मकाराने कुठल्याशा ट्रॅक्टरमधून काढलेलं डिझेल आणलं. आणि दिवेलागणीच्या आधी कुबात आला तो निळ्या डब्यातून पाच लिटर रॉकेल घेऊन.

"जेझदे," तो म्हणाला. मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला जेझदे म्हणायचं आणि त्याची जमेल तेवढी थट्टा करायची, हा मेव्हण्याचा हक्कच. "पारा उतरणार बघा उद्या. डिझेलला मेण धरेल. वरून एवढं रॉकेल ओतलं की गाडी कशी नवरीसारखी चालेल."

"कुबात, रॉकेल कोरडं असतं. या पंपाचे भाग डिझेलच्या चिकटपणावर सरकतात. रॉकेलने घासून मरतील."

"मी अठरा वर्षं पाजतोय. माझ्या गाडीत सगळं सरकतंय."

"तुझ्या गाडीत सरकण्यासारखं उरलंय काय?"

या उत्तरावर आळी इतकी हसली की कालमुर्झाला भिंतीला टेकावं लागलं. ओस्मोनकुलही खूश झाला, आणि तिथेच फसला. चार लोकांत मेव्हण्याची अशी उतरवल्यावर वर त्याचा आहेरही नाकारायचा, म्हणजे बायकोच्या माहेराशी उभा दावा. बुरमाकान दारात उभी राहून बघत होती. त्याने झाकण उघडलं.

संध्याकाळपर्यंत सात जणांचं मिळून सत्त्याऐंशी लिटर टाकीत गेलं आणि बुरमाकानच्या पिठाच्या पोत्याचा तळ दिसू लागला. कारण आहेर आणणाऱ्याला चहा आणि गरम, तळलेले पिठाचे बोर्सोक दिल्याशिवाय पाठवायचं नसतं.

सोमवारी सकाळी उणे चोवीस. ओस्मोनकुल मुद्दाम शाळेत ट्रक घेऊन निघाला. चालत सात मिनिटांचा रस्ता, पण माणसाला मन असतं. बाजाराच्या वळणावर, भाकरीच्या दुकानासमोर पंधरावीस माणसं रांगेत असताना, ट्रकने एक उचकी दिली, दुसरी दिली, समोर पिवळा दिवा लागला, मग दुसरा, मग पुस्तकात ज्याच्यापुढे उद्गारचिन्ह होतं तो तिसरा. आणि ट्रक रांगेत बरोबर चौथ्या नंबरला उभा राहिला.

रांगेत तिसऱ्या होत्या शाळेच्या मुख्याध्यापिका, तुर्सुनाय एजे, म्हणजे तुर्सुनायताई. त्यांनी ट्रककडे पाहिलं, मग आत बसलेल्या ओस्मोनकुलकडे. "अगाय," त्या म्हणाल्या. गुरुजींना इथे अगाय म्हणतात. "भाकरी घ्यायला उतरावं लागतं हं. गाडीत आणून देत नाहीत."

तो किल्ली फिरवत राहिला. रांग मात्र सल्ले देत राहिली. एक म्हणाला खाली शेकोटी करा. एक म्हणाला ढकला. एका आजीबाईने चाकाला लाथ मारून बघितली आणि मग आपलाच पाय धरून बसली, आणि तिला घरी पोहोचवायचं कामही ओस्मोनकुलकडेच आलं.

ट्रक ओढून दुकानात नेल्यावर ज्याकिप मिस्त्रीने फिल्टर काढून बशीत उलटा केला. पिवळसर, घट्ट, दह्यासारखं काहीतरी बशीत पडलं. मिस्त्रीने वास घेतला, पुन्हा घेतला, मग ओस्मोनकुलकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ओस्मोनकुल प्रयोगवहीत उत्तर आधी आणि प्रयोग नंतर लिहिणाऱ्याकडे पाही.

"अगाय, हिला पाजलंय काय?"

"सात जणांचं कोरुमदुक."

मिस्त्रीने टोपी काढली. "पंप अजून जिवंत आहे, देवाची कृपा. टाकी पूर्ण रिकामी करायची, फिल्टर बदलायचा, नळ्या धुवायच्या आणि खरं हिवाळी घालायचं. चुकून पुन्हा असलं काही गेलं तर पंपाच्या किमतीत तुम्हांला दोन घोडे येतील."

"कर रिकामी. ओत मागच्या खड्ड्यात."

मिस्त्री मागे सरला. "कोरुमदुक खड्ड्यात ओततात? मला पोरंबाळं आहेत अगाय."

ओस्मोनकुल आयुष्यात पहिल्यांदा एका परक्या माणसाच्या दुकानात ओरडला. काय ओरडला ते इथे लिहिण्याजोगं नाही, पण त्यात गंधकाचा उल्लेख दोनदा होता. मिस्त्रीने शांतपणे दुधाच्या पाच किटल्या आणल्या, त्यांत ते सत्त्याऐंशी लिटर भरलं आणि झाकणं लावून सांगितलं, "हे तुमच्या अंगणात. काय करायचं ते तुम्ही आणि तुमचे अक्साकाल बघा."

मंगळवारी ओस्मोनकुल शाळा सुटल्यावर डिझेलच्या शोधात निघाला. गावात पाच पंप. पहिल्या पंपावर त्याने विचारलं, "हिवाळी डिझेल आहे का?"

खिडकीतला माणूस म्हणाला, "अगाय, बाहेर काय चाललंय? हिवाळा ना? मग डिझेल दुसरं कुठलं असेल?"

दुसऱ्या पंपावर सांगितलं, "आमचं बाराही महिने चालतं." तिसऱ्यावरचा चिडला. चौथ्यावरचा इतका हसला की ओस्मोनकुल चिडला. पाचवा पंप पुलाजवळ होता; तिथल्या बाईने नुसतं "आहे" एवढंच म्हटलं. इतक्या थोडक्यात बोलणाऱ्या माणसावर विश्वास कोण ठेवणार?

तेव्हा त्याला पुस्तकातलं आठवलं: डिझेलच्या प्रत्येक खेपेबरोबर गुणवत्तेचा दाखला येतो, त्याला पासपोर्टच म्हणतात. तो बघायचा. पहिल्या पंपाच्या मालकाच्या कचेरीत एक कारकून बसला होता. त्याने बराच वेळ स्टोव्हवर हात शेकले आणि सांगितलं, पासपोर्ट खाजगी माणसाला दाखवत नाहीत. संस्थेचा अर्ज हवा, शिक्क्यासकट. ओस्मोनकुल शाळेत गेला. तुर्सुनाय एजेंनी शिक्का मारला, पण अर्जात "प्रयोगाकरिता" असं लिहिलं, कारण शाळेकडे ट्रक नव्हता आणि त्या खोटं लिहिणाऱ्यांतल्या नव्हत्या. कारकुनाने ते वाचून मान हलवली.

"प्रयोगाकरिता असेल तर शिक्षण खात्याची परवानगी लागेल."

"अहो, मला फक्त तो कागद डोळ्यांनी बघायचाय!"

"बघण्याचा प्रयोग?"

अखेर कारकुनालाच कंटाळा आला. त्याने खण उघडून कागद समोर सरकवला. त्यावर तारीख जुलैची होती आणि मोठ्या अक्षरांत "उन्हाळी" लिहिलेलं होतं.

"हे जुलैचं आहे," ओस्मोनकुल म्हणाला.

"कागद जुलैचा आहे."

"म्हणजे डिझेल जुलैचं आहे."

"कागद जुलैचा आहे," कारकून पुन्हा म्हणाला. "डिझेलचं मी कसं सांगू? मी काय प्यायलोय?"

कचेरीबाहेर येऊन ओस्मोनकुल बर्फात दोन मिनिटं उभा राहिला. त्याच्या कानांतून वाफ निघत होती असं पुढे चर्मकाराने सगळीकडे सांगितलं. ती तोंडातून निघत होती. पण आळीला रागाचं वर्णन करायला आवडतं.

मग त्याच्यातला पदार्थविज्ञानाचा शिक्षक जागा झाला. कागद काय करायचेत? निसर्ग आहे ना! बुधवारी त्याने पाचही पंपांवरून काचेच्या पाच बरण्यांतून अर्धा अर्धा लिटर डिझेल आणलं, बरण्यांवर पिठाच्या खळीने चिठ्ठ्या चिकटवल्या आणि सज्जात ठेवल्या. सकाळी जी बरणी स्वच्छ असेल तो पंप खरा. एवढा साधा, एवढा देखणा प्रयोग गेल्या कित्येक वर्षांत त्याने केला नव्हता. तो गाणं गुणगुणत झोपला.

गुरुवारी सकाळी उणे सत्तावीस. चार बरण्यांत पांढरट साय जमली होती. पाचवी बरणी मात्र झऱ्याच्या पाण्यासारखी. "बुरमाकान! ये बघ!" तो ओरडला. आणि मग त्याने चिठ्ठी वाचायला बरणी फिरवली. चिठ्ठी नव्हती. थंडीने खळ वाळून पाचही चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या आणि वाऱ्याने त्या खाली बर्फात जिकडे तिकडे उडवल्या होत्या.

बुरमाकान सज्जात आली. पण तिची नजर डिझेलवर नव्हती. "या माझ्या मुरंब्याच्या बरण्या," ती म्हणाली.

"हो, पण ऐक आधी..."

"भरलेल्या होत्या. जर्दाळू होता, रासबेरी होती, करकातची आंबट बोरं होती. कुठे आहे ते सगळं?"

"काढून ठेवलंय. पातेल्यात."

"कुठल्या पातेल्यात?"

"एकाच. मोठ्या."

ती आत गेली. पातेल्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा ती अगदी हळू बोलत होती. "सात जणांनी सात तऱ्हेचं एका टाकीत ओतलं म्हणून चार दिवस तुम्ही जगावर ओरडताय. गंधक आणि मेण आणि कायकाय. आणि माझा पाच तऱ्हेचा मुरंबा तुम्ही एका पातेल्यात ओतलात. अगाय, हा कुठला नियम?"

ओस्मोनकुल चिठ्ठ्या शोधायला खाली निघाला.

"कुठे चाललात? ती स्वच्छ बरणी पुलाजवळच्या पंपाची आहे."

"तुला काय माहीत?"

"काठाला खाच आहे. ती काल तुम्ही सगळ्यांत शेवटी नेलीत आणि परत येऊन म्हणालात, पुलावर पाय घसरला, बरणी वाचवली, कोपर फुटलं. घरात काय येतं नि काय जातं याकडे माझं लक्ष असतं. तुमचं गंधकाकडे असतं."

ओढून नेलेल्या ट्रकची टाकी पुलाजवळच्या बाईने भरून दिली. "रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या गाड्यांसाठी आणते मी हे. महाग पडतं म्हणून दुसरं कुणी घेत नाही."

"मग परवा सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत, हिवाळी आहे का. मी म्हटलं, आहे." ती झाकण बंद करत म्हणाली. "आणखी काय सांगायचं होतं?"

ट्रक पहिल्या किल्लीला सुरू झाला आणि मांजर घुरघुरावं तसा घुरघुरत राहिला. राहता राहिल्या किटल्या. मातीत ओतायचं नाही, परत द्यायचं नाही, कुणाच्या टाकीत घालायचं नाही. ओस्मोनकुलने बराच विचार करून त्या सार्वजनिक न्हाणीघराच्या भट्टीवाल्याकडे नेल्या. त्याची भट्टी जुन्या टायरांपासून काहीही खाई. आहेर अग्नीला गेला, वाया गेला नाही. मन हलकं झालं. गुरुवार पुरुषांच्या आंघोळीचा दिवस, म्हणून अंगाचा वास घालवायला तो तिथेच शिरला.

आत वाफेत अख्खी आळी बसली होती. वरच्या फळीवर सादिरबाय अक्साकाल, लालबुंद. "आज पाणी कडक आहे," ते समाधानाने म्हणाले. "काय जाळलंय कोण जाणे, पण चांगलं जाळलंय."

ओस्मोनकुल खाली मान घालून साबण लावू लागला. दात इतके आवळले की गालफडं दुखायला लागली.

"जेझदे," वाफेतून कुबातचा आवाज आला, "उद्या सकाळी मीपण आठला दारात गाडी लावतोय. बायका म्हणतात, अगायचा ट्रक भाकरीच्या रांगेत चांगला दिसतो; डोलोनवर नको."

"माझी टाकी स्वच्छ आहे. डिझेल खरं आहे. ट्रक चालू आहे!"

"असेल ना. सोमवारीपण होताच की, वळणापर्यंत."

फळीवरून हसू उतरत उतरत खालच्या पायरीपर्यंत आलं. ओस्मोनकुल साबण तसाच टाकून बाहेर पडला.

शुक्रवारी आठला दारात दोन ट्रक उभे होते. कुबातच्या टाकीखाली पत्र्याच्या परातीत जाळ चालला होता आणि त्याचं इंजिन ढेकर देत सुरू झालं होतं. ओस्मोनकुलचंही सुरू होतं. मधे अकरा बायका, बावीस गाठोडी आणि उणे सत्तावीस अंशांची थंडी. बुरमाकानच्या पापण्यांवर दहिवर जमलं होतं.

"दोन्ही गाड्या चालतायत," ती नवऱ्यासमोर येऊन म्हणाली. "मला गाडीबद्दल काही विचारायचं नाही. खिंडीच्या आधी चहाच्या टपरीपाशी ट्रकवाल्यांची रांग असेल. नवी गाडी बघून कुणीतरी डबा घेऊन येणारच. तेव्हा तुम्ही काय करणार?"

"मी त्याला नीट समजावून सांगेन. या इंजिनात गंधकाचं प्रमाण..."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दोघींनी एक गाठोडं उचललं आणि त्या कुबातच्या ट्रककडे चालू लागल्या. वर्षभराची मेहनत; त्यांना धडा ऐकायचा नव्हता. ओस्मोनकुल त्या गाठोड्याकडे बघत राहिला. त्याला कुबातचा राग आला, कारकुनाचा आला, खळीचा आला. सगळ्यांत जास्त कुणाचा, ते त्याला अजून कळत नव्हतं.

तेवढ्यात आळीच्या तोंडाशी पत्र्याचा आवाज झाला. सादिरबाय अक्साकाल एका अंगाला कलून येत होते. हातात वीस लिटरचा डबा.

"लांबच्या वाटेला निघालायस," ते धापा टाकत म्हणाले. "प्रवासाचं म्हणून वेगळं. उघड झाकण."

बायका जागच्या जागी थांबल्या. कुबात जाळ सोडून उभा राहिला. ओस्मोनकुलचा हात सवयीने झाकणाकडे गेला, आणि तिथेच थांबला.

"नको," तो म्हणाला.

"काय?"

"नको, अक्साकाल! एक थेंब नको!" आवाज त्याच्या हाताबाहेर गेला. "रविवारचंसुद्धा नको होतं! त्याने माझी गाडी मेली, मी बाजारात नागडा झालो, कारकुनाच्या पाया पडायची वेळ आली! ते सगळं मी टाकीतून काढलं आणि न्हाणीघराच्या भट्टीत घातलं. काल तुम्ही त्याच पाण्याने न्हालात!"

एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला असं तोंडावर कुणी बोललेलं त्या आळीने पाहिलं नव्हतं. बुरमाकानने तोंडावर हात ठेवला. झाकणावर ओस्मोनकुलचा पंजा घट्ट होता.

अक्साकालांनी डबा खाली ठेवला. कंबर धरून सावकाश सरळ झाले.

"काल पाणी चांगलं होतं," ते म्हणाले. "गाढवा, रविवारीच का नाही बोललास? हा डबा शेडमधून काढून आणायचा म्हणजे माझे दोन दिवस कंबर शेकण्यात जातात. कुणाकडे नवी गाडी आली की सगळी आळी माझ्या दाराकडे बघते, म्हातारा काय आणतो. रुमाल नेला तर म्हणतील, आटला. मी काय हौसेने वाहतो?"

"पण तुम्हीच म्हणालात, झाकण उघड."

"मी म्हणणारच. उघडायचं की नाही ते तू बघायचं. टाकी कुणाची?"

त्यांनी तळवे चेहऱ्यासमोर धरले. "तुमची वाट पांढरी असो," ते म्हणाले. पांढरी वाट म्हणजे निर्विघ्न प्रवास. सगळ्यांचे "ओमीन" झाले. मग डबा उचलायला कुणी पुढे येतंय का बघितलं. कुबात लगबगीने आला, तर त्याच्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या गाडीत ओत. तिला काही कळत नाही."

दोघी बायकांनी गाठोडं परत आणलं. बावीसच्या बावीस पांढऱ्या ट्रकमध्ये चढली आणि बुरमाकान पुढे येऊन बसली.

चहाच्या टपरीपाशी खरोखरच तिघे जण डबे घेऊन आले. ओस्मोनकुलने काच खाली केली, "नको" म्हटलं, काच वर केली. तिन्ही वेळा. ते तिघेही "बरं" म्हणून निघून गेले. कुणी रागावलं नाही, कुणी वाळीत टाकलं नाही. खिंड मागे पडली, ट्रक सुतासारखा सरळ चालत होता, पण ओस्मोनकुलचा चेहरा अजून तापलेल्या तव्यासारखाच होता.

"आता कशाचा राग?" बुरमाकानने विचारलं.

"दोन अक्षरं," तो म्हणाला. "फक्त दोन अक्षरं होती ती. आणि मी पाच दिवस..."

"पाच?" बुरमाकानने रुमाल सोडून पुन्हा बांधला. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "लग्नाला चोवीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी तुमच्या मावसभावाने माझं शिवणयंत्र मागितलं, आठ दिवसांसाठी. तुम्ही काय म्हणालात? दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, सुट्टीत शाळा रंगवायला कोण येईल. तुम्ही काय म्हणालात? मग माझ्या बाबांचं खोगीर..."

कोठाराच्या दारात चार वाजून पस्तीस मिनिटांनी ट्रक उभा राहिला तेव्हा ती अकराव्या वर्षापर्यंत आली होती. बावीस शिरदाक मोजून घेतले, पावती मिळाली, आणि परतीच्या वाटेवर बारावं वर्ष सुरू झालं. ओस्मोनकुल दोन्ही हातांनी चाक धरून समोर बघत होता. पुस्तकात लिहिलं होतं ते खरं होतं: योग्य इंधन घातलं तर या इंजिनाचा आवाज जवळजवळ येत नाही. तिचा एक शब्दसुद्धा त्याच्या कानांतून सुटला नाही.